कर्करोगाचे औषध आणि हृदयाचे मोजमाप



मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या रानावर पडला की मातीला एक ओला, हवाहवासा वास सुटतो. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ हे आपल्या जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात आहे. तेथील काळ्या मातीला हा वास येतो आणि दूर इटलीतल्या मातीलाही येतो. त्याचे कारण सगळीकडे एकच आहे. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे सूक्ष्म जीवाणू राहतात. ते जिओस्मिन नावाचे एक द्रव्य तयार करतात आणि पावसाचे थेंब पडताच ते हवेत उधळते.

हे जीवाणू मोठे रसायनशास्त्रज्ञच म्हणायला हवेत. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन त्यांनीच आपल्याला दिले. पुण्याजवळच्या पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्यातील शास्त्रज्ञांनी १९६१ साली पिंपरीच्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळवले. इटलीत कास्तेल देल मोन्ते या जुन्या किल्ल्याच्या परिसरातील मातीतही असाच एक जीवाणू सापडला. त्याने तयार केलेले द्रव्य माणकासारखे लाल होते आणि ते कर्करोगाच्या पेशी मारत होते. त्यातून १९६० नंतरच्या दशकात डॉनोरुबिसिन आणि त्याचे भावंड डॉक्सोरुबिसिन अशी दोन औषधे तयार झाली.

रक्ताचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग अशा अनेक रोगांत ही औषधे आजही वापरली जातात. त्यांनी असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले आहेत. मात्र त्यांचा एक दोष लवकरच लक्षात आला. काही रुग्णांचा कर्करोग बरा झाला, पण पुढे काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी त्यांचे हृदय दुबळे पडले. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला, की रुग्णाला काहीही त्रास जाणवण्यापूर्वी हृदयाला लागलेली ही झळ ओळखता येईल काय? या प्रश्नाच्या उत्तरात वैद्यकाइतकाच वाटा पदार्थविज्ञानाचाही आहे. तो आज आपण समजावून घेऊ.

हृदयालाच झळ का?

कर्करोगाच्या पेशी भराभर विभागत असतात. पेशी विभागायची तर तिच्यातील डीएनएच्या लांबच लांब धाग्याचा पीळ सोडवावा लागतो. हे काम टोपोआयसोमरेज नावाचे विकर करते. ते धागा कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा जोडते. डॉक्सोरुबिसिन नेमके जोडण्याच्या वेळी आडवे येते. धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते.

हृदयाच्या स्नायुपेशी तर क्वचितच विभागतात. मग त्यांना इजा का व्हावी? या विकराचे दोन प्रकार आहेत आणि त्यांपैकी एक प्रकार हृदयपेशींतही असतो. शिवाय पेशीतील लोहाच्या सान्निध्यात हे औषध ऑक्सिजनची अतिशय क्रियाशील रूपे तयार करते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची त्याने हानी होते. हृदयात तंतुकणिका विपुल असतात, कारण त्याला रात्रंदिवस काम करायचे असते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात!

दुसरी अडचण अशी, की मेलेल्या हृदयपेशीची जागा घेणारी नवी पेशी सहसा तयार होत नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली एका युक्तीने हे मोजले. १९५०-६० च्या सुमारास अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. पेशींच्या डीएनएतील कार्बन-१४ मोजून त्यांनी पेशींचे वय काढले. पंचविशीतील माणसाच्या हृदयपेशींपैकी वर्षाकाठी फक्त सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात आणि वय वाढेल तसे हे प्रमाणही घटते, असे दिसून आले. म्हणजे हृदयाची गंगाजळी फार जपून वापरायला हवी.

औषधाचा हिशेब

या औषधाचे परिणाम साठत जातात, म्हणून आतापर्यंत एकूण किती औषध शरीरात गेले याचा हिशेब ठेवतात. मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम, अशी मोजतात. स्तनाच्या कर्करोगात एका वेळी ६० प्रमाणे ४ वेळा औषध दिले तर एकूण मात्रा २४० होते.

१९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकूण मात्रा ५५० झाली असता १०० पैकी सुमारे ७ रुग्णांचे हृदय दुबळे पडल्याचे आढळले. हा अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेला होता. पुढे २००३ साली, हृदयाची नियमाने तपासणी झालेल्या रुग्णांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. त्याच मात्रेला तेथे १०० पैकी २६ रुग्ण निघाले आणि ४०० या मात्रेला ५. यातून दोन गोष्टी कळतात. मात्रा वाढते तसा धोका झपाट्याने वाढतो, आणि नीट पाहिले तरच तो पुरता दिसतो. आज डॉक्टर एकूण मात्रा शक्यतो बरीच खाली ठेवतात. मात्र सर्वांची हृदये सारखी नसतात. वयोवृद्ध, लहान मुले, रक्तदाब असलेले, छातीवर किरणोपचार झालेले अशांना कमी मात्रेतही इजा होऊ शकते. म्हणून हिशेबाबरोबर मोजमापही हवे.

तक्रार न करणारे हृदय

जालन्याच्या मोंढ्यात दहा हमालांची एक टोळी दिवसाला ५०० पोती उतरवते असे समजा. त्यांतले दोघे आजारी पडले. उरलेल्या आठांनी जरा जोर लावला आणि संध्याकाळी पोती मोजली तर ती ५०० च भरली. आडत्याच्या वहीत काहीच बिघडलेले दिसत नाही. मात्र त्या आठांवरचा ताण वाढलेला असतो. आणखी दोघे खाली बसले की एके दिवशी कामच कोलमडते.

हृदयाचे असेच आहे. काही पेशी निकामी झाल्या तरी बाकीच्या पेशी भार उचलतात. रुग्ण चालतो, जेवतो, शेतात जातो. दम लागणे, पायांवर सूज येणे, रात्री श्वास कोंडून जाग येणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बरीचशी गंगाजळी संपलेली असते. म्हणून 'मला काही त्रास नाही' हा हृदय सुरक्षित असल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

पहिले माप : किती रक्त बाहेर पडले?

हृदयाची डावी जवनिका, म्हणजे तुमच्या पुस्तकातील डावे निलय, सर्व शरीराला रक्त पुरवते. ती पूर्ण भरलेली असताना तिच्यात १२० मिलिलिटर रक्त आहे आणि आकुंचनानंतर ५० मिलिलिटर उरले, असे माना. म्हणजे ७० मिलिलिटर बाहेर गेले. ७० भागिले १२०, म्हणजे सुमारे ५८ टक्के. याला उत्क्षेपण अंश म्हणतात. अहवालात तो 'ई. एफ.' या अक्षरांनी लिहितात. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० टक्के असतो.

पण छाती न उघडता हे आकारमान मोजायचे कसे? एक मार्ग ध्वनीचा आहे. आपला कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. तपासणीत याच्या शेकडो पट, २० ते ५० लाख कंपनांचा, श्राव्यातीत ध्वनी छातीतून पाठवतात. शरीरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. १० सेंटिमीटर खोलवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीला जाऊन येऊन २० सेंटिमीटर अंतर पडते आणि त्यासाठी सेकंदाचा अवघा ७,७०० वा भाग लागतो. संगणक हा वेळ मोजतो आणि त्यावरून हृदयाच्या हलत्या भिंतींचे चित्र काढतो. दवाखान्यात ज्याला 'टू-डी इको' म्हणतात तो हाच.

या तपासणीची सुरुवात १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे झाली. तेथील डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकीतज्ज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातून एक यंत्र उसने आणले होते. लोखंडातील अदृश्य भेगा ध्वनीने शोधण्याचे ते यंत्र त्यांनी हृदयाकडे वळवले. हेल्मुट यांचे वडील गुस्टाव हर्ट्झ हे नोबेल पारितोषिक विजेते होते. आणि वारंवारतेच्या एककाला ज्यांचे नाव दिले आहे ते हाइनरिख हर्ट्झ हे गुस्टाव यांचे काका!

दुसरा मार्ग किरणोत्साराचा. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी पदार्थाची अगदी थोडी मात्रा रक्तातील तांबड्या पेशींना चिकटवतात. त्याचे अर्धायुष्य फक्त ६ तासांचे असते, म्हणजे २४ तासांत त्याचा सोळावा भाग उरतो. त्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण छातीसमोरचा कॅमेरा मोजतो. जवनिकेत जितके जास्त रक्त, तितके जास्त किरण. भरलेल्या जवनिकेतून २४,००० आणि आकुंचन पावलेल्या जवनिकेतून १०,००० किरण मोजले गेले, तर उत्क्षेपण अंश किती? करून पाहा, उत्तर पुन्हा ५८ टक्केच येईल. शेकडो ठोक्यांची बेरीज करत असल्याने हे माप बरेच स्थिर येते. १९७९ साली अमेरिकेतील येल विद्यापीठातील डॉक्टरांनी, ठरावीक काळाने असे माप घेत राहिले तर डॉक्सोरुबिसिनची झळ लक्षणांच्या आधी कळू शकते, हे दाखवून दिले.

आपल्याकडे या दोन विद्यांची गाठ मुंबईत परळला पडली. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज आपण २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो, हा एक सुंदर योगायोग. १९६२ साली हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६३ साली किरणोत्सारी पदार्थांचा वैद्यकात उपयोग करणारे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळलाच सुरू झाले.

मोजमापातील चूक

समजा, औषधोपचारापूर्वी एका रुग्णाचा उत्क्षेपण अंश ६० होता आणि तीन महिन्यांनी तो ५४ आला. हृदय दुबळे झाले का?

घाईने 'हो' म्हणू नका. प्रयोगशाळेत एकाच तारेची जाडी दहा वेळा मोजली तर दहाही वाचने तंतोतंत जुळत नाहीत, हे तुम्हांला ठाऊक आहे. साध्या द्विमितीय इकोत निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या मापांत, हृदयात काहीच बदल झालेला नसतानाही, सुमारे १० अंकांचा फरक पडू शकतो. त्रिमितीय इकोत तो कमी, सुमारे ६ अंकांचा असतो. म्हणून डॉक्टर सामान्यतः १० अंकांहून अधिक घट झाली आणि अंश ५० च्या खाली गेला तरच हृदयाला इजा झाली असे मानतात.

येथेच पेच आहे. तेवढी घट होईपर्यंत थांबायचे, तर आजारी हमालांची संख्या वाढलेली असते. म्हणून वहीतील पोत्यांऐवजी हमालांची पावले पाहणारी मापे हवीत. अशी दोन मापे आज उपलब्ध आहेत.

पावले पाहणारी मापे

पहिले माप तुमच्या ओळखीचे आहे. लांबीतील बदल भागिले मूळ लांबी, म्हणजेच विकृती. हुकच्या नियमात तुम्ही ती शिकता. इकोच्या चित्रात हृदयाचा स्नायू असंख्य ठिपक्यांनी बनलेला दिसतो. संगणक एकेका ठिपक्याचा माग काढतो आणि आकुंचनाच्या वेळी स्नायू लांबीने किती आखडला ते सांगतो. ९ सेंटिमीटरचा स्नायू ७.२ सेंटिमीटर झाला तर विकृती उणे २० टक्के. निरोगी हृदयात ती साधारण एवढीच असते. ती २० वरून १७ वर आली, तर मूळच्या मानाने १५ टक्के घट झाली. एवढी घट हा सावधानतेचा इशारा मानतात. त्या वेळी उत्क्षेपण अंश कदाचित ५८ चाच दिसत असतो!

दुसरे माप रक्तातले आहे. ट्रोपोनिन हे प्रथिन हृदयपेशींच्या आत असते. पेशी फुटली की ते रक्तात येते. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरमागे जेमतेम काही नॅनोग्रॅम असते. अर्ध्या मिलिग्रॅमचा साखरेचा एक दाणा ५०,००० लिटरच्या पाण्याच्या टाकीत विरघळवा. लिटरला १० नॅनोग्रॅम साखर झाली. एवढ्या सूक्ष्म प्रमाणातील प्रथिन आजच्या चाचण्या मोजू शकतात. ट्रोपोनिन वाढले म्हणजे हृदय दुबळे झालेच असे नव्हे, पण पेशींना इजा होत असल्याची ती सूचना असते.

लवकर कळून उपयोग काय?

नुसते कळून उपयोग नसता, तर ही सारी खटपट व्यर्थ ठरली असती. इटलीतील मिलान येथील डॉक्टरांनी २०१० साली अशा २०१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांचा उत्क्षेपण अंश या औषधांमुळे ४५ किंवा त्याहून खाली गेला होता. हृदयाला आधार देणारी, रक्तदाबातही वापरली जाणारी औषधे ज्यांना कर्करोगाचे उपचार संपल्यावर दोन महिन्यांच्या आत सुरू झाली, त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे हृदय पूर्ववत झाले. सहा महिन्यांनंतर उपचार सुरू झालेल्यांपैकी एकाचेही हृदय पूर्ववत होऊ शकले नाही. त्याच डॉक्टरांनी २०१५ साली २,६२५ रुग्णांची माहिती दिली. त्यांपैकी ९ टक्के रुग्णांच्या हृदयाला इजा झाली आणि त्यातील ९८ टक्के घटना उपचारानंतरच्या पहिल्या वर्षात लक्षात आल्या. रोग तोच आणि औषधेही तीच होती. फरक फक्त केव्हा कळले याचा होता.

इजा लवकर कळली तर डॉक्टर हृदयाची औषधे सुरू करतात, कधी कर्करोगाचे औषध बदलतात, कधी लोहाला बांधून ठेवणारे डेक्स्रेझोक्सेन हे संरक्षक औषध देतात. मात्र एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. हृदयाच्या भीतीने केमोथेरपी नाकारणे किंवा आपल्या मनाने मध्येच सोडणे, हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार आहे. केमोथेरपीची सर्व औषधे हृदयाला अपाय करत नाहीत. ज्यांचा अपाय होऊ शकतो ती घेणाऱ्यांपैकीही बहुसंख्य रुग्णांचे हृदय सुरक्षित राहते.

तुमच्या वयाच्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. लहानपणी कर्करोग होऊन बरी झालेली मुले आज शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत. वाढत्या शरीराचा भार त्यांच्या हृदयावर पडत असतो, म्हणून इजा कधी कधी कित्येक वर्षांनी उघड होते. अशा मुलांची उपचारानंतरही वर्षानुवर्षे तपासणी व्हावी, यासाठी टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने 'ॲक्ट क्लिनिक' सुरू झाले. तेथे हृदयाबरोबरच त्यांची वाढ, शिक्षण आणि इतर प्रकृतीचीही विचारपूस होते. 'बरा झाला' म्हणून नाव कमी करायचे नाही, हा त्यामागचा विचार आहे.

फाईल जपा

जांब समर्थसारख्या गावातील रुग्णाची एक तपासणी जालन्यात होते, दुसरी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, तर तिसरी मुंबईला. यंत्र वेगळे, मोजणारा हात वेगळा. अशा वेळी ६० आणि ५४ यांतील फरक हृदयाचा की यंत्राचा, हे कोण सांगणार? म्हणून शक्यतो तपासणी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने व्हावी. औषध सुरू होण्यापूर्वीचा इको तर हवाच, कारण तुलना दुसऱ्या कोणाशी नव्हे, रुग्णाच्या स्वतःच्याच पहिल्या मापाशी करायची असते. आणि सर्व अहवाल, तसेच औषधाच्या एकूण मात्रेची नोंद, तारखेनुसार एका फाईलीत ठेवावी. घरात अनेकदा सर्वांत सराईत वाचता-लिहिता येणारे तुम्हीच असता. शेजारी किंवा नात्यात असा रुग्ण असेल तर ही फाईल लावून देण्याचे काम तुम्ही नक्की करू शकता. 'हृदयाची पुढची तपासणी केव्हा?' हा प्रश्नही त्यांना डॉक्टरांना विचारायला सांगा.

वर्गात करून पाहा

एक रबराची पट्टी फळीवर दोन खिळ्यांत ताणून बसवा. तिच्यावर १० सेंटिमीटर अंतरावर शाईच्या दोन खुणा करा. आता एक खिळा सरकवून ताण थोडा कमी करा, म्हणजे खुणांमधील अंतर ८ सेंटिमीटरच्या जवळपास येईल. हे अंतर दहा विद्यार्थ्यांनी, एकमेकांना न सांगता, पट्टीने मोजून कागदावर लिहावे. मग सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाचनातील फरक काढा.

अंतर ८ सेंटिमीटर असेल तर आखडणे २० टक्के, ८.३ असेल तर १७ टक्के. म्हणजे निरोगी हृदय आणि इशारा देणारे हृदय यांच्यात तुमच्या पट्टीवर फक्त ३ मिलिमीटरचे अंतर आहे. तुमच्या वर्गाच्या वाचनांतील फरक त्याहून जास्त आला का? आला असेल तर तो कमी करण्यासाठी काय काय करता येईल, याची यादी करा. टाटा रुग्णालयातील तंत्रज्ञासमोरही रोज हाच प्रश्न असतो.